हेकरूचं निव्वळ वजन

"मासा लागला तर काय करायचं?" बायकोने विचारलं.

"सोडून द्यायचा," पासंग म्हणाला.

"आणि सुटला नाही तर?"

"अगं, माशाला सुटायचंच असतं. आपण फक्त आड यायचं नाही."

"पुन्हा म्हण."

पासंगने पुन्हा म्हटलं. शुक्रवारपासून बायको त्याची उजळणी घेत होती. पिशवीत तिने दोन टॉवेल, चार लिंबं आणि आल्याचे तुकडे भरले होते. रविवारची सकाळ होती, नवरा सहलीला निघाला होता, आणि दारात उभी राहून ती ऑपरेशनला नेताना बघतात तशी त्याच्याकडे बघत होती.

पासंग वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर कामाला होता. काट्याची पारडी बरोबर नसली की हलक्या बाजूला जो बारकासा खडा ठेवतात, त्याला पासंग म्हणतात. अठ्ठेचाळीस किलोच्या माणसाला वजनकाट्यांच्या कारखान्यात दुसरं काय नाव मिळणार? उद्या, सोमवारी, त्याचे उमेदवारीचे सहा महिने संपत होते. उद्या हातात एक पत्र पडणार होतं. ते एकतर 'कायम करण्यात येत आहे' असं असणार होतं, नाहीतर 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी "नोकरी कायम आहे ना?" असं विचारलं होतं, आणि पासंगने "झाल्यासारखीच आहे" असं उत्तर दिलं होतं. सासऱ्यांनी त्यातलं 'झाली' तेवढं घेतलं. आता ते बुधवारी येणार होते. पत्र बघायला.

कारखान्याचे मालक वर्षातून एकदा सगळ्या स्टाफला भाड्याच्या बोटीतून खोल समुद्रात मासेमारीला नेत. किनारा दिसेनासा झाला की एक जागा येई. तिथे पाण्याखाली खडकांची रांग होती आणि खडकांत तांबोशी आणि हेकरू हे दोन जातींचे मासे राहत. तांबोशी लालचुटुक आणि देखणी. हेकरू जाडा, ठिपक्याठिपक्यांचा, तोंडावर कायम नाराजी. सहलीला एकच नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. मालकांपेक्षा मोठा मासा कुणी धरायचा नाही. चार वर्षांपूर्वी स्टोअरकीपरने धरला होता. त्याची खुर्ची अजून ऑफिसात आहे. खुर्चीवर कुंडी आहे.

"घाबरू नकोस," बोटीत चढताना हेडक्लार्क काका पासंगच्या कानात म्हणाले. "मी नऊ वर्षं गळ न लावता मासेमारी करतोय. दोर सोडायचा, दूर कुठेतरी बघायचं, मधूनमधून 'च्च, निसटला!' म्हणायचं."

"गळच नाही लावायचा?"

"तू नवा आहेस. लाव. पण आमिष लावू नकोस. उपाशी माणूस रिकाम्या ताटावर बसतो का?"

बोट तासाभराने थांबली. थांबली म्हणजे पुढे जायची थांबली. वरखाली जायचं तिने चालूच ठेवलं. बारा माणसं कठड्याला रांगेने उभी राहिली आणि काकांसारखीच दूर कुठेतरी बघू लागली. मालक बोटीच्या मधोमध, खुर्चीत. साडेदहाच्या सुमारास त्यांना तांबोशी लागली. टाळ्या झाल्या. कारखान्याचाच टांगता काटा बोटीवर आणलेला होता. मासा लटकवला. आठ किलो चारशे. पुन्हा टाळ्या झाल्या, फोटो झाला, आणि बाराही माणसांच्या छातीवरून एक-एक पोतं उतरलं. आता नुसते दोन तास काढायचे होते.

याच आनंदात पासंगला बोट लागली. काठी कठड्याच्या खाचेत अडकवून तो पलीकडच्या बाजूला गेला आणि आल्याच्या तुकड्यांसकट सकाळपासूनचं सगळं समुद्राला देऊन टाकलं. तेवढ्यात इकडे नाखवा, म्हणजे बोट चालवणारा, फिरत फिरत आला. त्याला पासंगचा गळ रिकामा दिसला. नाखवा मनाने चांगला होता, त्यामुळेच पुढचं सगळं घडलं. त्याने एक जिवंत मासोळी गळाला लावली आणि दोर खाली सोडला.

पासंग तोंड पुसत परत आला आणि काठीला हात लावला, तोच काठी वाकली. नुसती वाकली नाही. कमरेतून झुकून पाण्याला नमस्कार केला तिने.

"हेकरू!" नाखवा ओरडला. "खडकाच्या कपारीत घुसला! ओढू नका!"

 पासंगने मालकांकडे बघितलं. मालक बघत होते. बायकोने घेतलेली उजळणी आठवली: आड यायचं नाही. त्याने दोर एकदम सैल सोडला. जा बाबा. सुखाने नांद.

नाखव्याने त्याच्याकडे आदराने बघितलं. "कुणी शिकवलं हे तुम्हाला?"

"काय?"

"सैल सोडायचं! कपारीतल्या हेकरूला ओढलं तर तो गालफडं फुगवून आत अडकून बसतो. सैल सोडलं की त्याला वाटतं संकट टळलं, आणि आपला आपण बाहेर येतो. वीस-वीस वर्षं मासे धरणाऱ्यांनाही हा धीर होत नाही."

 पासंगपुढे आता एकच मार्ग होता. दोर तोडायचा. त्याने काठी धरली, डोळे मिटले आणि अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस किलोंनिशी मागे हिसका दिला.

"वा!" नाखवा किंचाळला. "अगदी वेळेवर! आत्ताच बाहेर आला होता तो! सुटला खडकापासून! गुंडाळा आता!"

"काका," पासंग कसाबसा म्हणाला, "जरा धरता का? मला मुंग्या आल्यात हाताला."

काका दोन पावलं मागे सरकले. "माझी तीन वर्षं राहिलीत रे रिटायरमेंटला."

पासंगने पॅकिंगवाल्याकडे बघितलं. पॅकिंगवाल्याने आकाशाकडे बघितलं. टायपिस्टबाईंनी तर चप्पल शोधायला सुरुवात केली, जी त्यांच्या पायातच होती. शेवटी पासंगने गुंडाळणं बंद केलं आणि नुसता उभा राहिला. मासा हट्टी असेल तर आपणही हट्टी. पण खोलातून वर निघालेल्या माशाच्या पोटात हवा फुगते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने हेकरू स्वतःच वर आला. बुडालेला सोफा तरंगावा तसा तो बोटीच्या कडेला आला आणि पासंगकडे नाराजीने बघत राहिला.

तिघांनी मिळून त्याला वर घेतलं. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

"वजन कर," मालक म्हणाले.

मासा काट्याला लटकवला. काटा थरथरला, स्थिर झाला. एकोणीस किलो साडेतीनशे.

मालकांनी काट्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. 

"हा काटा कुणी तपासला होता?" मालकांनी विचारलं.

"मी, साहेब."

"बरोबर आहे?"

पासंगला हिशेब कळला. काटा बरोबर म्हटलं तर मासा मोठा. काटा चूक म्हटलं तर तपासणीस खोटा. डाव्या हाताला विहीर होती, उजव्या हाताला दुसरी विहीर, आणि चहूकडे समुद्र.

"बरोबर आहे," तो म्हणाला. 

"साहेब!" काका अचानक पुढे आले. भीतीने माणसाला कधीकधी बुद्धी सुचते. "हे एकूण वजन झालं! आपल्याकडे निव्वळ वजन धरतात! या माशाने काय काय खाल्लं असेल कोण जाणे. ते याच्या खात्यात कसं धरायचं?"

मालकांनी क्षणभर विचार केला. कारखान्याच्या फाटकावर त्यांच्या आजोबांनी रंगवून घेतलेली पाटी होती: 'काट्याला नातेवाईक नसतात.' मालक म्हणाले, "मुद्दा आहे."

नाखव्याने सुरी आणली. हेकरूच्या पोटातून तीन खेकडे, एक अख्खा मासा आणि कुणाचं तरी शिशाचं वजन निघालं. साडेसतरा.

"आतडी?" पॅकिंगवाल्याने सुचवलं. "आतडी म्हणजे तर नुसतं पॅकिंग."

पंधरा किलो सहाशे.

"डोकं कोण खातं?" टायपिस्टबाई म्हणाल्या.

"मी खातो," नाखवा म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. अकरा किलो. मग पर, खवले, शेपूट. मग कातडी. मग कणा. जो तो आपापली सूचना घेऊन पुढे येत होता; इतक्या उत्साहाने या लोकांनी कारखान्यात कधी काम केलं नव्हतं. अखेर सोफ्याचे नुसते गादीसारखे दोन तुकडे उरले. काट्याला लटकवले.

आठ किलो चारशे.

"बरोबरी," कुणीतरी कुजबुजलं.

काकांनी पासंगच्या पिशवीतला टॉवेल ओढला आणि बाळाला पुसावं तसे दोन्ही तुकडे टिपून कोरडे केले. "पाणी होतं, साहेब. पाणी कशाला मोजायचं?"

आठ किलो तीनशे नव्वद.

सुटकेचा असा निःश्वास पडला की बोट किंचित हलल्यासारखी वाटली. काकांनी पासंगच्या पाठीवर हात ठेवला. आणि पासंग, जो दिवसभर टेबलावर बसून काटे तपासत असे आणि दोन्ही बाजूंना तेच माप लावल्याशिवाय ज्याला शिक्का मारता येत नसे, तो निव्वळ सवयीने बोलून गेला,

"मग साहेबांच्या माशाचंही निव्वळच धरावं लागेल."

बोलल्यावर त्याला कळलं. काकांनी पाठीवरचा हात काढून घेतला. टायपिस्टबाईंनी डोळे मिटले. शब्द परत गिळता येत असते तर पासंगने ते शिशाच्या वजनासकट गिळले असते.

मालक खुर्चीतून उठले. खूप सावकाश उठले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "काप."

"साहेब, फोटोतली तांबोशी आहे ती…" काका म्हणाले.

"काप."

तांबोशी कापली गेली. डोकं, आतडी, कणा, सगळं त्याच क्रमाने. नियमाप्रमाणे टॉवेलने टिपलीसुद्धा. तीन किलो सहाशे दहा.



"पासंग," मालक म्हणाले, "पुढे ये जरा माझ्याबरोबर."

बोटीच्या टोकापर्यंत अठरा पावलं होती. पासंगने ती मोजली. मागे काका हलक्या आवाजात म्हणत होते, "पोर चांगलं होतं."

टोकाला गेल्यावर मालकांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. इतका घट्ट, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. पासंगला वाटलं, राग आवरतायत.

"मला पाण्याची फार भीती वाटते," मालक म्हणाले.

पासंगने मागे वळून बघितलं. हे दुसऱ्या कुणाला तरी म्हणाले असावेत. पण तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"पहिल्या वर्षी गंमत म्हणून सगळ्यांना आणलं," मालक पुढे म्हणाले. नजर पाण्यावर जाणार नाही अशी बेताने वर धरलेली. "परत जाताना हेडक्लार्क म्हणाले, साहेब, असा दिवस आयुष्यात आला नव्हता. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मग काय करणार? दरवर्षी आणावं लागतं. महिनाभर आधीपासून झोप लागत नाही मला. चार वर्षांपूर्वी स्टोअरकीपरने हरवलं होतं, पण तो मला काही बोलू न देता दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडून गेला. आज तू मला हरवलंस तेव्हा वाटलं, चला, आता निमित्त मिळालं. म्हणता येईल, माझी हौस फिटली, आता बंद."

"हो, साहेब," पासंग म्हणाला. त्याच्या छातीत काहीतरी उजाडायला लागलं होतं.

"पण माझ्या एकट्यासाठी एवढ्या लोकांचा हिरमोड कसा करू? म्हणून तुला विचारतो. तू खोटं बोलत नाहीस, आत्ताच सगळ्यांसमोर मलाही काट्यावर चढवलंस. खरं सांग. यांना हे मनापासून आवडतं का?"

एक शब्द होता. 'नाही.' तो म्हटला की बारा माणसं सुटली असती, मालकही सुटले असते. पण त्या एका शब्दाच्या मागे दुसरे उभे होते: मग येतात कशाला? कुणाला घाबरतात? मला? आणि काका नऊ वर्षं काय करत होते? हे सगळं, पत्राच्या आदल्या दिवशी. पासंगने मागे बघितलं. त्याच्याबरोबर मालकांनीही बघितलं. मालकांची नजर वळताच अकराच्या अकरा चेहऱ्यांवर एकदम हसू आलं. हिरवटलेल्या चेहऱ्यांवर, दात दिसेपर्यंत. काकांनी तर गळ नसलेली काठी उंच करून हलवली.

"फार आवडतं, साहेब," पासंग म्हणाला.

मालकांनी मान डोलावली. डॉक्टरांकडून रिपोर्ट ऐकावा तशी.

"वाटलंच होतं मला," ते म्हणाले. "ठीक आहे. उद्या पत्र घेऊन जा. कायम केलं तुला." मग एक मोठा श्वास घेऊन, मन घट्ट करून ते म्हणाले, "आणि एवढी हौस असलेल्या लोकांना एका दिवसात परत न्यायचं म्हणजे अन्यायच आहे. पुढच्या वर्षीपासून तीन दिवस. बोटीवरच मुक्काम. अजून कुणाला सांगू नकोस, मी ऑफिसात सगळ्यांना बोलावून सांगीन. चेहरे बघायचेत मला त्यांचे."

पासंग अठरा पावलं परत आला. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले.

"काय म्हणाले?" काकांनी विचारलं.

"कायम केलं मला."

काकांनी त्याला मिठी मारली. पॅकिंगवाल्याने उचलूनच घेतलं. त्यात फारसं काही उचलायचं नव्हतं. टायपिस्टबाईंनी डोळे पुसले.

"आणि आमच्याबद्दल?" काकांनी दबक्या आवाजात विचारलं. "आमच्याबद्दल काही बोलले का?"

"बोलले ना," पासंग हेकरूच्या सोललेल्या कातडीकडे बघत म्हणाला. "तुम्हा सगळ्यांच्या आनंदाची फार काळजी आहे त्यांना."