तुपेकाकांच्या तीन सुना

"काका, दोन शब्द कसे जोडायचे?" असं विचारलं, की तुपेकाका चष्मा कपाळावर चढवतात आणि उलट विचारतात, "कुणाच्या घरात?"

गारखेड्यातल्या आमच्या ऑफिसात नवा आलेला माणूस इथेच गडबडतो. काका विचारत असतात डेटाबेसबद्दल. आम्ही शाळा-कॉलेजांच्या नोंदी कॉम्प्युटरवर सांभाळतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा डेटाबेस वेगळा. भाषा मात्र सगळ्यांची एकच, एसक्यूएल, असं आम्हाला शिकवलेलं. हे वाक्य काकांसमोर उच्चारायची सोय नाही.

"एकच? आवं, सोयगावात अन् छावणीत तरी लोक एक बोलतेत का?"

काकांनी लग्न केलं नाही, पण सुना तीन. थोरली, मधली, धाकटी, अशी त्यांनी डेटाबेसांची नावं ठेवली आहेत. "थोरलीला दोन शब्दांमधी दोन उभ्या रेघा दिल्या की गुमान जोडती. मधलीला त्याच रेघा द्या, तिला वाटतं 'हे का ते' विचारलं! नाव मागावं तर शून्य ठेवती हातात." शिवाय मधलीला मराठी नावाची लांबी विचारली, की ती एकेका अक्षराचे तुकडे मोजून जवळजवळ तिप्पट आकडा सांगते. "लई हिशोबी बाई," काका कौतुकाने म्हणतात. धाकटी रेघांनी जोडते, अगदी थोरलीसारखी. म्हणून काकांची ती लाडकी.

त्या लाडानेच घात केला. एका संस्थेच्या नर्सिंग प्रवेश परीक्षेचं काम थोरलीकडून धाकटीकडे हलवायचं होतं. काकांनी ते स्वतः केलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. प्रवेशपत्रं साइटवर गेली आणि दुपारी छावणीतल्या एका मुलीचा फोन मी उचलला. ती रडत होती. प्रवेशपत्रावर तिचा फोटो होता, नंबर होता, नावाची जागा कोरी. नाव नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत.

काकांनी शोधलं. कोऱ्या प्रवेशपत्रांच्या सगळ्या मुलींचा वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा होता. थोरली असा रकाना सोडून देते आणि उरलेलं नाव जोडते. धाकटीचं तसं नाही. तीन शब्दांतला एक ठाऊक नसेल, तर अख्खं नावच ठाऊक नाही म्हणून ती मोकळी होते. जगाला बजावणारा माणूस स्वतःच दोन रेघांना फसला होता. ऑफिसात हशा पिकला. काका हसले नाहीत.

साहेब म्हणाले, "फोन करा सगळ्यांना. वडिलांची नावं घ्या अन् भरून टाका. विषय संपला."

काका ताडकन उठले. "ज्याच्यापाशी नायच, त्यानं कुठून आणायचं? मधलं नाय म्हणून पोरीचंच नाव गायब व्हय? चूक माझी हाय साहेब, पोरीची नाय."

साहेबांपुढे त्यांचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकला. काकांनी धाकटीला समजावलं, रिकामं ते रिकामं समज आणि बाकीचं जोड. सगळी प्रवेशपत्रं पुन्हा साइटवर चढवली आणि मग त्या मुलीला स्वतः स्पीकरवर फोन लावला.

"बेटा, आता बघ. आलं का?"

"आलं काका. पण... वडिलांचं नाव लिहावं लागंल का? मला आईच हाय फक्त."

"नाय बेटा. हाय तेवढं नाव पुरं हाय तुझं. जा, पेपर दे."

फोन ठेवून काका माझ्याकडे वळले. म्हणाले, "मला बी आईनंच वाढवलं, ताई. शाळेत हजेरी घेताना मास्तर माझ्या नावापाशी थांबायचे, अन् सगळा वर्ग माझ्याकडं बघायचा. तवा असं कुणी म्हणलं नाय." मी दोघांसाठी चहा सांगितला.

निकाल लागला त्या दिवशी मुलीचा फोन थेट काकांच्या मोबाइलवर आला. तासाभराने काका पेढ्यांचा बॉक्स घेऊन टेबलाटेबलावर फिरत होते. कसले पेढे म्हणून जो विचारेल, त्याला सांगत होते, "आमची पोरगी नर्स होनार हाय."