करंजाखालची शाळा अमर कशी झाली

एका जंगलात एक करंजाचं झाड होतं, आणि त्या झाडाखाली एक प्राथमिक शाळा होती. शाळेला तीन भिंती होत्या. चौथी मंजूर झालेली होती. मंजूर होणं म्हणजे काय, ते तुम्हाला मोठेपणी कळेल, बाळांनो. नाही कळलं तर सुखात राहाल.

या शाळेत टिटवीबाई शिकवायच्या. पाय काटकुळे, आवाज कर्कश. "म्हणा बाराखडी!" असं त्या ओरडल्या की नदीकाठचे खेकडेसुद्धा बिळात बसल्या बसल्या बाराखडी म्हणायचे. एखादं पोर शाळेत आलं नाही, तर बाई त्याच्या बिळाशी जाऊन असा कल्ला करायच्या, की आईबाप कानांवर पंजे ठेवून पोराला बाहेर ढकलायचे.

शाळा मात्र बाईंच्याही आधीची. ती काढली साळींदर गुरुजींनी. तेव्हा जंगलात लिहिणं-वाचणं फक्त घुबडांच्या घरात होतं, आणि घुबडं दिवसा कुणाला भेटत नसत. गुरुजींनी बिळाबिळात, ढोलीढोलीत जाऊन पोरं गोळा केली. लिहायला बोरू नव्हते. तेव्हा गुरुजींनी आपल्या पाठीवरचा एकेक काटा उपटला आणि एकेका पोराच्या हातात दिला.

पोरं शिकत गेली. गुरुजींची पाठ उघडी पडत गेली. शेवटी अंगावर एकही काटा उरला नाही, तेव्हा त्यांच्याच एका हुशार विद्यार्थ्याने त्यांना खाल्लं.

हा विद्यार्थी पुढे फार मोठा झाला. त्याला सगळे बिबटेसाहेब म्हणू लागले. "गुरुजी आजही माझ्यात आहेत," असं साहेब प्रत्येक भाषणात सांगत, आणि पोटावरून हात फिरवत.

असो. टिटवीबाईंच्या काळात शाळेला उतरती कळा लागली. वरच्या तळ्यावर बगळ्यांनी अकादमी काढली होती. तिथे पोरांना एका पायावर उभं राहायला शिकवत, डोळे मिटून विचारात पडल्यासारखं दिसायला शिकवत, आणि सगळं काही 'क्वॅक'मध्ये बोलायला लावत. ज्याला त्याला आपलं पोर तिथेच हवं झालं. सरपंच वराहअण्णांचं डुकराचं पिल्लू रोज एका पायावरून चिखलात पडायचं. पण अण्णा कौतुकाने सांगायचे, "पडतो, पण रडतो कसा? क्वॅकमध्ये!"

करंजाखाली उरली ती घुशीची, चिचुंद्रीची आणि सरड्याची पोरं. त्यांत शेवंती नावाची घुशीची पोर होती. चिखलाने माखलेली, पण अक्षर असं, की मुंग्या त्यावरून शिस्तीत चालायच्या. ती जोडाक्षरांपर्यंत आली होती. 'ज्ञ' तेवढा राहिला होता.

एक दिवस दरबारातून मयूरराव आले. शिक्षण खातं त्यांच्याकडे होतं. तेही याच शाळेचे माजी विद्यार्थी.

"बाई, पट कमी आहे," मयूरराव म्हणाले. "ही शाळा नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन करावी लागणार."

"साहेब, एवढीशी पोरं नदी कशी ओलांडणार?"

"सोय केली आहे. मगरींच्या मंडळाने पोरांची ने-आण फुकट करायचं कबूल केलंय."

"नेणार, आणि आणणारही?"

"नेण्याचं नक्की आहे," मयूरराव म्हणाले. "आणण्याचं विचाराधीन आहे."

त्या दिवशी बाईंनी बराच विचार केला. या शाळेने एवढी मोठी माणसं घडवली... चुकलो, बाळांनो, एवढी मोठी जनावरं घडवली. त्यांना एकदा इथे बोलावलं, करंजाखाली बसवलं, शाळेच्या इतिहासाची आठवण करून दिली, तर ती आपली शाळा मरू देतील का?

म्हणून त्यांनी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरवला.

सगळे आले. शेवंतीने आणि पोरांनी पहाटेच उठून अंगण सारवलं होतं. वराहअण्णा आले आणि त्याच अंगणात गहिवरून लोळले. "या मातीत लोळलो म्हणून आज मी उभा आहे!" ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मयूररावांनी पिसारा फुलवून सांगितलं, की आपल्याला नाचता येतं ते या शाळेमुळेच. इथे दुसरं काही जमत नव्हतं. पुन्हा टाळ्या. मग बिबटेसाहेब उठले. "गुरुजी आजही माझ्यात आहेत," ते म्हणाले. पहिल्या रांगेतले ससे हळूच दुसऱ्या रांगेत सरकले. रडून रडून सगळ्यांच्या मिशा ओल्या झाल्या.

बाईंना वाटलं, हीच वेळ. त्या पुढे झाल्या.

"तुमचं प्रेम पाहून भरून आलं," त्या म्हणाल्या. "आता एकच करा. तुमचं एकेक पोर इथे घाला. पट भरेल. शाळा वाचेल."

कुणी शेपटीकडे बघू लागलं, कुणी नखांकडे.

वराहअण्णा खाकरले. "तसं नाही, बाई. पण पोरांच्या भविष्याचा प्रश्न आहे."

"तुमच्या भविष्याचा नव्हता, अण्णा?"

"होता ना! म्हणून तर आम्ही हे असे झालो."

तेवढ्यात बिबटेसाहेबांनी पंजा वर केला.

"काळजी करू नका, बाई. ही शाळा आम्ही मरू देणार नाही. आपण हिचं स्मारक करू!"

असा टाळ्यांचा कडकडाट झाला, की करंजाची पानं गळली. शेवंतीच्या आईनेही टाळ्या वाजवल्या. साहेब शाळा वाचवणार एवढंच तिला कळलं होतं. टिटवीबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. स्मारक म्हणजे काय, ते त्यांना जरा उशिरा कळलं.

काम झपाट्याने सुरू झालं. इतकी वर्षं न झालेली चौथी भिंत बघता बघता उभी राहिली. रंग ओला आहे म्हणून पोरांना बाहेर बसवलं. मग रंग वाळला. आता ओरखडे पडतील म्हणून बाहेरच ठेवलं. दारात साळींदर गुरुजींचा पुतळा बसवला. पुतळ्याच्या पाठीवर सगळेच्या सगळे काटे होते. अनावरण बिबटेसाहेबांनी केलं, आणि पुतळ्याकडे बघून नकळत जीभ फिरवली.

मगरींच्या पाठीवर पोर बसवायला कुणी आईबाप तयार होईनात. दरबारी त्याची नोंद 'पालकांची अनास्था' अशी झाली.

पण टिटवीबाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पोरांना नदीकाठच्या वाळूत बसवलं. वाळूची पाटी आणि बोटाचा बोरू. शेवंती तर खूश झाली. "बाई, ही पाटी फुटतच नाही!" ती म्हणाली.

मग एका सकाळी दरबारचा तरस तपासणीला आला.

"ही शाळा आहे का?"

"आहे," बाई म्हणाल्या.

"भिंती कुठायत?"

"एक शाळा होती भिंतींची. तुम्ही तिचं स्मारक केलंत."

"खेळाचं मैदान?"

"मैदानातच तर बसलोय!"

"मैदानात बसवून शिकवणं नियमात बसत नाही," तरस म्हणाला. "ही शाळा अनधिकृत आहे. उठा."

शेवंती तेव्हा 'ज्ञ' काढत होती. अर्धा काढून झाला होता. तरस त्याच्यावर उभा होता. ती त्याच्या पायाकडे बघत थांबली. त्याने पाय उचलला तेव्हा तिथे नुसता पंजा उमटलेला होता.

दुसऱ्या दिवसापासून शेवंती आईबरोबर बिळं उकरायच्या कामाला लागली. बाई तिच्या बिळाशी गेल्या आणि नेहमीसारखा कल्ला करू लागल्या. शेवंतीची आई बाहेर आली.

"बाई, ओरडू नका. पोरगी दमून निजलीय." मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "आणि उठवून पाठवू कुठं? तुम्हीच सांगा."

आयुष्यात पहिल्यांदाच टिटवीबाईंना ओरडायला जागा सापडली नाही. त्या किती तरी वेळ बिळाबाहेर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिल्या, आणि परत फिरल्या.

त्याच वर्षी त्यांना आदर्श शिक्षिकेचा मान मिळाला. शाल, श्रीफळ आणि नवं काम. स्मारक बघायला येणाऱ्यांना शाळा समजावून सांगायची. इथे पोरं बसत, इथे फळा असे, इथे घंटा वाजे.

बगळ्यांच्या अकादमीची सहल सगळ्यांत आधी आली. गोरीगोमटी पिल्लं रांगेत आली, सारवलेल्या जमिनीला हात लावून बघून गेली. बगळीमॅडम क्वॅकमध्ये सगळं समजावत होत्या. मयूररावांचं पिल्लू मात्र मागे रेंगाळलं. त्याने रिकाम्या वर्गाकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं, आणि चक्क घरच्या बोलीत विचारलं,

"बाई, इथली मुलं कुठे गेली?"

टिटवीबाईंनी त्याच्या डोक्यावरून पंख फिरवला.

"त्यांना इतिहासात घातलं, बाळा."

"मग तिथून त्यांना सुट्टी कधी मिळते?"

बाईंना राहवलं नाही. त्या दाराबाहेर धावल्या आणि मान वर करून ओरडत सुटल्या. नदीच्या दोन्ही काठांवर तो आवाज घुमला.

"मुलांनो, नीट ऐका," बगळीमॅडम म्हणाल्या. "ही टिटवी. ही नेहमी अशीच ओरडते. त्याचं कारण शोधायचं नसतं."

पिल्लांनी एका पायावर उभं राहून, डोळे मिटून ते लक्षात ठेवलं.

तात्पर्य: शाळा चालवायला विद्यार्थी लागतात, शाळा अमर करायला माजी विद्यार्थी पुरतात. म्हणून बाळांनो, शिकायचं राहिलं तरी चालेल, पण लवकरात लवकर माजी व्हा.