फ्रिजजवळची विद्यार्थिनी

पालकसभेत वर्गशिक्षिकेने "कौन शमिका?" असं विचारलं, त्याच दिवशी अंबरीशने मुलीला शाळेतून काढायचं ठरवलं. पन्नास मुलांच्या वर्गात पोर वर्षभर शेवटच्या बाकावर बसते आणि बाईंना तिचं नावही माहीत नाही, हे त्याला फारच लागलं. कारखान्यात त्याची दुसरी पाळी, त्यामुळे सकाळ मोकळी. "मीच शिकवतो घरी," तो म्हणाला. त्याच्या बायकोला, मंजूषाला, टी. टी. नगरच्या ऑफिसची बस गाठायची होती, म्हणून तिने वाद पुढे ढकलला.

पहिला आठवडा झकास गेला. शमिका इतके प्रश्न विचारू लागली, की अंबरीशला पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाऊन मोबाइल बघावा लागे.

मग शेजारच्या रघुवंशी भाभी मुलाला घेऊन दारात उभ्या राहिल्या. "भैया, एक को पढ़ा रहे हो, तो दो सही. बिटिया को कंपनी मिल जाएगी."

तोंडावर नाही म्हणणं अंबरीशच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी खालच्या प्रमिलाकाकू आल्या. "त्यांच्या मुलाला घेतलंस, मग आमचा निनाद काय परका आहे?" निनादला घेतल्यावर त्याच्या मित्रांना कसं टाळणार? बघता बघता अवधपुरीतल्या त्या कॉलनीतला शमिकाचा जवळजवळ सगळा जुना वर्ग शाळेऐवजी अंबरीशच्या हॉलमध्ये भरू लागला. सोफा गच्चीवर गेला. गोंगाट आवरेना, तेव्हा देवघरातली घंटा बाहेर आली.

प्रत्येक नवं मूल आलं, की अंबरीश म्हणे, "शमू, जरा मागे सरक. आपलं घर आहे, पाहुण्यांना पुढे बसू दे." शमिका सरकत सरकत फ्रिजपाशी पोचली.

"ती दिसते तरी का रे तुला तिथून?" मंजूषाने एकदा विचारलं.

"अगं, घरातच तर आहे ती."

एके दिवशी पाळीची वेळ होत आली आणि गणित काही संपेना. अंबरीशचा जीव खालीवर होत होता. तेवढ्यात सगळ्या डोक्यांच्या मागून एक हात वर आला.

"हाँ, वो पीछे वाली, क्या नाम है तुम्हारा?"

"शमिका, सर."

सगळा हॉल हसला. अंबरीशला मात्र फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घरी पाठवायचं ठरवूनच तो उठला. बघतो तर शमिका शाळेच्या गणवेशात, दप्तर पाठीला लावून तयार.

"नाव काढलंच नव्हतं मी," मंजूषा म्हणाली. "आजारपणाची रजा टाकली होती."

"पुन्हा तिकडे? शेवटच्या बाकावर?"

"काल मी ऑफिसातून लवकर आले, तू पाळीला गेल्यावर आम्ही बाईंना भेटून आलो. वर्गात पाचच मुलं उरलीत. बाकीची तुझ्याकडे असतात."

शमिका बूट घालत होती. "बाई मला पहिल्या बाकावर बसवणार आहेत. काल नावाने हाक मारली," ती म्हणाली. दारापाशी जाऊन तिने काळजीने मागे वळून पाहिलं.

"बाबा, तू मात्र शिकवणं बंद करू नकोस हं."

जिन्यात चपला काढल्याचे आवाज येऊ लागले होते. अंबरीशने मुकाट्याने घंटा उचलली.