धोंड्याची सरकी

अमरावतीत कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला, त्या साली सरकारनं हुकूम काढला: जितका माल आत जाईल, तितकाच बाहेर दिसला पाहिजे. शंभर मण कापसाची सरकी काढली, की तेहतीस मण रुई, सदुसष्ट मण सरकी. वजन जुळलं, की कारकून जेवायला मोकळा.

हुकूम कापसापुरता होता. पण तसं त्यात लिहिलं नव्हतं, आणि न लिहिलेलं वाचायचा पगार गोवर्धनपंत कारकुनांना मिळत नव्हता. ते तराजू घेऊन नत्थुजीच्या चुनाभट्टीवर आले. भट्टीत शंभर मण चुनखडीचे धोंडे गेले होते. भाजून चुना निघाला छप्पन मण.

“उरलेले चव्वेचाळीस? धोंड्याची सरकी कुठे लपवलीस?”

“पंत, धोंड्याले कुठची सरकी? ते भट्टीतून उडून जाते. माह्या आज्यापासून उडून राह्यलं!”

“चोरी वडिलोपार्जित,” पंतांनी लिहून घेतलं.

चुना जप्त, नत्थुजी कोठडीत. चव्वेचाळीस मण हजर करीपर्यंत सुटका नाही.

त्याची बायको पार्बताबाई कचेरीत आली आणि जप्त चुन्यावर पाण्याच्या घागरी ओतू लागली. चुना रटरटला, वाफाळला, फुलला. निवल्यावर भरला चौऱ्याहत्तर मण.

“अठरा वसूल!” पंत खूश. “राहिले सव्वीस.”

“तेबी येतीन. भितीले लावा अन् हवा खाऊ द्या. चुन्याचा परत धोंडा होते. आमच्या लेकराईलेबी ठाऊक असते, तुमाले कावून नाही?”

चुना कोठडीच्याच भिंतींना लागला. नत्थुजी वर्षभर भिंतीवर नजर लावून बसला. त्याची सुटका आता हवेच्या हाती होती. वर्षानं गिलावा खरवडला, रेती वजा केली, तोलला. बरोब्बर शंभर मण!

“सुटलो!” नत्थुजी ओरडला.

“कसा सुटलास? चोरीचा माल सरकारी भिंतीत सापडला. वर्षभर आत कोण होतं? तूच. शिवाय बाईंनी ओतलेलं अठरा मण पाणी गायब आहे. त्यांनाही आत बसवा.”

तेवढ्यात पंतांनी चौकशीसाठी मागवलेला गोऱ्या डॉक्टरचा अभिप्राय आला: भट्टीतून उडते तीच हवा माणूस श्वासातून सोडतो.

“मंग पंत, तुमी बाहेर कसे?” नत्थुजीनं गजांतून विचारलं. “तुमीबी तर सोडूनच राह्यले!”

पंतांनी घाबरून श्वास कोंडला. चेहरा जांभळा झाला, तेव्हा कुठे पोटनियम सुचला: सरकारी नोकराचा श्वास कामकाजात मोडतो. बाकी गावानं मात्र तोलून सोडावा.

दोन माणसं विनाकारण आत सडत होती. गावानं तोंड मिटून घेतलं. भ्यालो म्हणून नव्हे, हुकूम पाळतोय म्हणून, असं गाव अजून सांगतं.

तुम्हीही मघापासून गप्पच आहात. शाबास. तुमचं वजन बरोबर भरलं.