जावयाने कोड उघडला

भिशीतली नाणी कमी भरतात हे कळलं, ते सासूबाई गेल्यानंतरच्या पहिल्या भिशीला.

नाशिकला अप्पांच्या घरी दर महिन्याला सगळं कुटुंब जमायचं. जावई धनराज कॉम्प्युटरवाला. त्याने रोख रकमेची भिशी बंद करून बिटकॉइनसारखं घरचं डिजिटल नाणं, 'भिशीकॉइन' काढलं होतं. मोजणी सासूबाई करायच्या आणि दर वेळी "बरोबर आहे" म्हणायच्या. त्यांच्यापुढे कोण बोलणार? या वेळी त्यांच्या जागी मुलगा कुंदन बसला.

"दाजी, नाणी कमी हायेत."

"परत मोजा."

"मी द्राक्षाचा व्यापारी हाय. मोजायला चुकत नाय."

सगळ्यांनी धनराजकडे पाहिलं. कॉइन ज्या कोडवर, म्हणजे प्रोग्रामवर चालायचं, तो त्याच्या एकट्याकडे कुलूपबंद होता.

"कोड उघडा मग," कुंदन म्हणाला. "पिंपळगावला आम्ही वरचे घड बघून माल घेत नाय. क्रेट पालथा करतो."

"सुरक्षिततेसाठी बंद ठेवलाय. उघडा कोड कुणीही वाचू शकतं."

"त्यासाठीच तर उघडतात, काका!" कुंदनची मुलगी रोशनी इंजिनिअरिंगला होती. "मोठमोठ्या कॉइनचा कोड सगळ्या जगाला दिसतो. तुम्हालाच काय लपवायचंय?"

"अहो, उघडा ना," बायको ज्योत्स्ना म्हणाली. "माझ्याच माहेरी मला चोराची बायको व्हायचं नाहीये."

धनराजने एक पैसा घेतला नव्हता. अडचण वेगळीच होती. प्रोग्रामर लोक कोडच्या ओळींशेजारी स्वतःसाठी टिपा लिहून ठेवतात. मशीन त्या वाचत नाही. धनराजने त्या मराठीत लिहिल्या होत्या, आणि सगळ्या सासरवाडीबद्दल होत्या.

"पाच मिनिटं द्या," म्हणत तो लॅपटॉप घेऊन गच्चीवर पळाला. सगळ्या टिपा न वाचता एका झटक्यात पुसल्या, आणि खाली येऊन कोड खुला केला. रोशनीने तो टीव्हीवर लावला.

"काका, हे लाल काय आहे?"

कोडबरोबर त्यातल्या प्रत्येक बदलाचा इतिहासही खुला झाला होता. जेवढं पुसलं, तेवढंच लाल रंगात उठून दिसत होतं.

रोशनी मोठ्याने वाचू लागली. "'कुंदनभाऊ वेळेवर भरत नाहीत. राखीवहिनींना फोन करावा, लगेच भरतात.'"

"खरंय की!" कुंदनची बायको राखी स्वयंपाकघरातून ओरडली.

"'ज्योत्स्नाला पासवर्ड देऊ नये. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गंगापूर रोडला कळतो.'"

"हो का?" ज्योत्स्ना म्हणाली. या 'हो का'ची किंमत धनराजला माहीत होती.

कुंदन नाणी विसरला. "पुढं वाच! अप्पांवर काय हाय?"

"'अप्पांना समजावू नये. मान डोलवतात आणि नाणी कपाटात शोधतात.'"

"एकदाच बघितलं होतं," अप्पा म्हणाले.

खरा कोड कुणीच वाचत नव्हतं. मग रोशनी अडखळली.

"'आईंच्या सांगण्यावरून. दर महिन्याला प्रत्येकाकडून थोडं आईंच्या खात्यात वळवायचं. अप्पांच्या दातांसाठी. ते स्वतःवर खर्च करणार नाहीत. कुणाला बोलायचं नाही.'"

धनराजला आता आठवलं. कुठल्याशा दुपारी सासूबाईंनी आग्रहाने पुरणपोळी वाढता वाढता हे सांगितलं होतं. त्याने लिहिलं आणि विसरला. स्वतःचाच कोड त्याला सहा महिन्यांत परक्याचा वाटायचा. आज टीप पुसली गेली, पण तिच्याखालची ओळ कामाला लागलेलीच होती.

सासूबाईंचं खातं टीव्हीवर दिसत होतं. नाणीही दिसत होती. ते उघडायचा पासवर्ड मात्र त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता.

"म्हणजे आईच आपल्याला..." कुंदनने वाक्य गिळलं.

"आणि वर 'बरोबर आहे' म्हणायची," अप्पा म्हणाले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच ते खळखळून हसले, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"ओळ आत्ताच काढतो, अप्पा," धनराज म्हणाला.

"एवढी काय घाई आहे, जावईबापू?"

"अहो अप्पा, दर महिन्याला आमचं जातंय की!" कुंदन म्हणाला.

"जाऊ दे. तुझी आईच घेतेय."

ती ओळ काढायची अजून राहिली आहे. अप्पांचे दातही बसवायचे राहिलेत.