इलॅस्टिकचा काय भरवसा!

इलॅस्टिक या विषयावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. मी शिंपी आहे. अख्ख्या गावाच्या कमरा मला तोंडपाठ आहेत! कुणाची वाढतेय, कोण श्वास आत ओढून माप देतंय, सगळं कळतं मला. आणि आयुष्यभर लोकांच्या कमरांची सेवा करून मला एवढंच कळलंय, की भरवसा ठेवावा तर नाडीवर! इलॅस्टिक नवं असतं तोवर गोड बोलतं. मग एक दिवस ऐन वेळी, चारचौघांत, दगा देतं.

तर आमच्या लेकीने जेवता जेवता सांगितलं, की तिने लग्नासाठी मुलगा पसंत केलाय, तेव्हा मी अगदी शांतपणे विचारलं, "काय करतो?"

"बंजी जंपिंगच्या तिथे कामाला आहे. लोकांना दोर बांधतो."

"आणि?"

"आणि मग ते पुलावरून उडी मारतात."

"कसला दोर?"

लेकीने आईकडे बघितलं. आईने ताटाकडे.

"म्हणजे... ताणणारा असतो. इलॅस्टिकसारखा."

माझा घास घशातच अडकला. हिने पाण्याचा पेला पुढे केला. तो संपवून मी कडाडलो, "दुसऱ्यांची लेकरं इलॅस्टिकला बांधून पुलावरून ढकलणाऱ्या माणसाच्या हातात मी माझं लेकरू देऊ?"

"ढकलत नाही तो, बाबा! लोक आपणहून मारतात!"

"मग लोक वेडे आणि हा त्यांचा पुढारी!"

"तुम्ही न बघताच बोलताय. एकदा त्याच्या दोरावर उडी मारा आणि मग काय ते बोला!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

"मारतो! त्यात काय एवढं? उडी मारून वर येतो, आणि तरीही नाही म्हणालो, तर तू त्याचं नाव काढायचं नाहीस. कबूल?"

"कबूल. आणि तुम्ही ऐन वेळी माघार घेतलीत तर?"

"माघार? मी? घेतली तर स्वतः उभा राहून तुमचं लग्न लावून देईन!"

"आई, ऐकलंस ना?"

"ऐकलं," ही म्हणाली. ही एवढंच बोलते. मी बोलतो त्यात आम्हा दोघांचं भागतं.

बेत कसा नामी होता बघा! डोळे मिटायचे, उडी मारायची, वर यायचं, 'इलॅस्टिक सैल आहे' म्हणून नाक मुरडायचं, विषय संपला. त्यात एकच अडचण होती. मधे ती उडी होती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी हात धूत होतो, आणि नळ बंद करायचंही विसरलो.

तयारी करायची तर शास्त्रशुद्ध, असं ठरवून मी दुसऱ्या दिवशी दुकानातून इलॅस्टिकचं अख्खं बंडल घरी आणलं. त्याचे पदर एकावर एक ठेवून शिवले. सोबत दुकानातला पुतळाही आणला, ज्याला डोकं नाही तो. वजन यावं म्हणून त्याच्या पोटात चिंध्या आणि माझी जुनी लोखंडी इस्त्री कोंबली. उघडा बरा दिसेना, म्हणून हाताशी होता तो कोट त्याला चढवला. मग गॅलरीच्या कठड्याला इलॅस्टिक बांधलं आणि दिलं त्याला ढकलून!

काय सुरेख गेला हो! सरळ खाली, आणि तिथून झोकात वर. मी टाळी वाजवणार, एवढ्यात खालून किंकाळी आली.

खालच्या मजल्यावर मास्तरीणबाई राहतात. त्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोरून एक डोकं नसलेला माणूस खाली गेला. मग वर आला. मग परत खाली गेला. यातही एखादी बाई तग धरू शकली असती, पण त्या माणसाच्या अंगात त्यांच्याच नवऱ्याचा कोट होता! माझ्याकडे शिवायला टाकलेला, नवा कोरा, कापड त्यांनी स्वतः निवडलेलं.

"अहोऽऽ! अहो, काय केलंत होऽऽ हे!"

"काय गं, काय केलं मी?" म्हणत त्यांचे यजमान आतून धडधाकट बाहेर आले, डोक्यासकट. ते बघून मात्र बाईंना चक्कर आली.

नेमकं त्याच वेळी इलॅस्टिक तुटलं. पुतळा, कोट आणि इस्त्री थेट अंगणात! आवाज असा झाला, की सगळी इमारत जमली. कोटाची बाही कुठे, पुतळ्याचं पोट कुठे. इस्त्री तर जमिनीत रुतून बसलेली.  आणि त्या इस्त्रीच्या जागी येत्या रविवारी मी असणार होतो.

आता लपवणार काय? सगळं सांगावं लागलं. आणि गोष्ट कर्णोपकर्णी झाली! शिंपीकाका पुलावरून उडी मारणार! दुकानात ही गर्दी! मला वाटलं, लोक धीर द्यायला आले.

"काका, माझी पँट झाली का?"

"परवा देतो की."

"परवा नको. शनिवारच्या आत द्या. म्हणजे तसं काही नाही... आपली हाताशी असलेली बरी."

एकजात सगळ्यांना शनिवारच्या आत हवं! एकाने तर न शिवलेलं कापडच परत मागितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं सगळं काम वेळेवर झालं. रिकाम्या फळ्यांकडे बघून मला इतकं भरून आलं, की शटर ओढून मी बराच वेळ शिवणयंत्राशेजारी नुसताच बसून राहिलो.

रविवारी आम्ही तिघं पुलावर पोचलो. जुना लोखंडी पूल, त्याला मधोमध बाहेर काढलेलं एक लोखंडी मचाण, आणि खाली दरी. दरीत नदी. नदी कसली, वरून ती नाडीएवढी दिसत होती!

दोरवाला पुढे आला. म्हणजे तोच, लेकीचा तो. मला वाटलं होतं कोणी केस वाढवलेला उनाड असेल. हा तर शिडशिडीत, खाली मान घालून बोलणारा पोरगा.

"नमस्कार काका. वजन किती?"

"सत्तर," मी म्हणालो.

"ऐंशी," मागून ही म्हणाली.

काट्याने हिचीच बाजू घेतली. मग त्याने माझ्या छातीचं आणि घोट्यांचं माप घेतलं. आयुष्यभर मी लोकांना 'सरळ उभे राहा, हात सैल सोडा' म्हणत आलो. आज पहिल्यांदा मी कापड होतो, आणि कात्री कुठून लागणार हे दुसऱ्याच्या हातात होतं.

"खिसे रिकामे करा," तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या.

मी केले. खडू निघाला, अंगुस्तान निघालं, टाचण्या, बॉबिन, बटणं, आणि धागे तोडायची छोटी कात्री.

"एवढं घेऊन उडी मारणार होतात?"

सगळं त्यांनी डब्यात ठेवलं. माझे दात काढून घ्यायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

अंगावर पट्टे चढले. घोट्यांना जाडजूड कापड गुंडाळून पाय एकमेकांशी बांधले. मला मचाणाच्या अलीकडे बाकावर बसवलं. माझ्या आधी एक धिप्पाड गृहस्थ होते. ते हसत हसत कडेला गेले, आणि नाहीसे झाले. त्यांची आरोळी खाली खाली जात बारीक झाली, आणि मग ऐकूच येईना.

आता खरं सांगतो. मला भीती वाटत होती. थट्टेतली नाही, पोटातली.  त्या बाकावर मला माझं दुकान आठवलं, ही आठवली, लेक लहान असताना मशीनच्या पेटीत बसायची ते आठवलं. आणि समोर तीच लेक कठडा घट्ट धरून उभी होती. ती दोरवाल्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ पांढरेफटक पडले होते.

ती जवळ आली. "बाबा, नको. राहू दे ना."

"राहू दे म्हणजे? माघार घेऊ? तुझं लग्न लावून देऊ?"

"लग्नाचं नंतर बघू, बाबा. तुम्ही घरी चला!"

"अजिबात नाही! शिंप्याचा शब्द आहे हा!"

"शिंप्याचा शब्द म्हणजे 'परवा या'," ही म्हणाली.

"काका, चला," दोरवाला म्हणाला. "दोर लावतो. उडी तुमची तुम्हालाच मारायची."

मी उठलो. म्हणजे त्यांनी उठवलं. बांधलेल्या पायांनी तुरुतुरु पुढे सरकताना मी कुठे बघू, कुठे नको असं झालं. खाली बघवेना, म्हणून स्वतःच्या छातीकडे बघितलं. आणि तिथे, छातीवरच्या पट्ट्याच्या शिवणीतून, एक लाल धागा बाहेर आला होता. इवलासा!

आता तुम्हीच सांगा, शिंप्याने काय करायचं? माझ्या दुकानातून लोंबत्या धाग्याचा कपडा आजवर बाहेर पडलेला नाही. हात आपोआप गेला. ओढला, तर आणखी आला. कात्री डब्यात! मग मान खाली घातली, धागा दातांत धरला आणि... कट्ट! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी मरायला दोन पावलं उरली असतानाही गेली नव्हती.

"काका!" दोरवाला असा ओरडला, की मुख्य बाई धावत आल्या. "काय केलंत हे?"

"धागा निघाला होता. साफ केला."

"निघाला नव्हता हो! तो तसाच असतो! तो धागा जागेवर असला, तरच शिवण शाबूत धरायची. रोज सकाळी तो बघितल्याशिवाय आम्ही पट्टा हातात घेत नाही!"

मुख्य बाईंनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. "बाद. उडी रद्द."

रद्द! सुंठीवाचून खोकला गेला! मनात नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा मी पाडला. उडी होणार नाही हे पक्कं झाल्यावर माणसाला जो जोर चढतो, तोही चढला.

"एवढ्याशा धाग्याने काय होतंय? मी तयार आहे! चला, लावा दोर!"

दोरवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. खाली मान घालणारा पोरगा, पण आता थेट डोळ्यांत बघत होता.

"नाही काका. लग्न झालं नाही तरी चालेल. पण या पट्ट्यावर मी तुम्हाला सोडणार नाही."

लेक टुणकन पुढे आली. "म्हणजे बाबांनी उडी मारली नाही! माघार झाली!"

"माघार नाही," तो तिला म्हणाला. "पट्टा बाद झाला. काका अजूनही नाही म्हणायला मोकळे आहेत."

"अरे, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

 तो नुसता माझ्या छातीवरचा बाद पट्टा मुठीत धरून उभा राहिला. आणि काय सांगू, मला गलबलून आलं! 'आतली शिवण कोण बघतंय, चालतंय' असं आयुष्यात कितीदा म्हणालो असेन मी! आणि हा पोरगा एका धाग्यापायी लग्नावर पाणी सोडायला निघाला होता. इलॅस्टिक राहू द्या, हा माणूस सैल पडणारा नव्हता.

"पसंत!" मी गरजलो. "मुलगा पसंत आहे मला! गाठ पक्की!"

लेक माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मुख्य बाईंनी टाळ्या वाजवल्या. उडीही टळली, शब्दही राहिला आणि वर मनाचा मोठेपणाही दिसला. मी डोळे पुसले. ही मात्र वाकून मचाणावर काहीतरी शोधत होती. सापडलं तसं तिने ते चिमटीत धरून उजेडात बघितलं. लाल धागा.

एवढ्यात दोरवाला फुललेल्या चेहऱ्याने म्हणाला, "काका! आता तर घरचेच झालात! आत दुसरा पट्टा आहे, अगदी नवा कोरा, अजून वापरायला न काढलेला. तुमची उडी राहायला नको. आलोच!"

"अरे, राहू दे, कशाला उगाच..."

पण तो पळालासुद्धा! मी कुठे पळणार? माझे पाय बांधलेले! पापणी लवते न लवते तोच तो आला, जुना पट्टा निघाला, नवा चढला. याच्याही छातीवर तो होता. लाल, इवलासा, टोक बाहेर काढून बसलेला. माझा उजवा हात आपला सहजच, घाम पुसायला म्हणून, हळूहळू वर निघाला.

"जावईबापू," ही म्हणाली. लग्नानंतर इतकं लांबलचक बोलताना मी हिला पहिल्यांदा ऐकत होतो. "आधी ह्यांना हात वर करायला सांगा. जन्मभर धागे तोडतायत. कुठला ओढायचा आणि कुठला नाही, ते ह्यांना बरोबर कळतं. आणि हो, तोंडही मिटायला सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी हात वर केले. तोंडही मिटलं. म्हटलं, ओरडायला खाली जाताना वेळ मिळेलच.