विजूताईंचे टायर

विजूताई माणसाचं गाव-गोत्र विचारत नसत. त्याचा टायर ठरवत. ख्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलात त्या नर्स, मी फार्मसीत. नव्या गोडबोल्या डॉक्टरला पाहून पुटपुटल्या, "हा लॉनचा टायर. रुंद, मऊ. ओझं टाकलं की बसेल." मॅनेजरबाई म्हणजे शेतातला, उंच दातांचा टायर : "चिखलातून बाहेर काढतील, पण जातील तिथलं गवत उपटतील." माझा टायर कोणता, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

हॉर्नबी उपनगराच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला त्यांची चार एकर जमीन. एकट्याच राहत, सोबतीला अकरा मेंढ्या आणि एक छोटा ट्रॅक्टर. त्या हिवाळ्यात त्याचे टायर बदलायचे निघाले. तीन शनिवार मी त्यांना हॉर्नबीतल्या एकाच दुकानात नेलं. त्या प्रत्येक टायरला अंगठा लावत, मग कान.

"काम काय घेणार?" दुकानदाराने विचारलं.

"बर्फ काढायचा, पुढच्या लोडरने गवताचे गठ्ठे उचलायचे, लॉन कापायचं."

"तिन्हींत पहिला येणारा टायर नसतो. मध्यम खोल नक्षीचे घ्या, लोडरचं वजन पेलतील. बर्फात चाकांना साखळ्या चढवा. मग झकास, स्वीट ॲज!"

"लॉनवर खूण?"

"हवा जरा कमी ठेवा, जागच्या जागी वळू नका."

"खूण राहता कामा नये," त्या म्हणाल्या. अशा काही सुरात म्हणाल्या, की दुकानदाराचं हसू मावळलं.

परतताना माझ्या लक्षात आलं, विजूताईंकडे लॉनच नाही. आहे ते गवत मेंढ्या खातात. मी तसं म्हटलं. त्यांनी टायरची पावती घडी करून पाकिटात ठेवली.

टायर बसले. साखळ्या चढवायला मी गेलो आणि बर्फामुळे तिथेच अडकलो. सकाळी उठलो तर घरात कोणी नाही. ट्रॅक्टरही नाही. बाहेर सगळं पांढरं, मेंढ्यासुद्धा गप्प. साखळ्यांची ताजी वाट गेटातून निघून समोरच्या घराकडे गेली होती. ते त्यांचा शेजारी ग्रॅहम याचं घर. म्हातारा जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी पर्थला, घर बंद.

त्या बंद घराच्या दारापर्यंतचा बर्फ कोणी यायचं असावं तसा साफ केला होता. दार उघडं होतं.

"ये," आतून आवाज आला. अंधाऱ्या स्वयंपाकघरात विजूताई उभ्या होत्या. "इथे खिडकीशी उभा राहा. मी घरी जाते. तू मला फोन कर आणि घड्याळ बघ."

त्या ट्रॅक्टर घेऊन गेल्या. मी त्या थंडगार घरात एकटा. फोन लावला. पलीकडे उचलला गेला, पण कोणी बोललं नाही. मग दुरून साखळ्यांचा आवाज येऊ लागला. आधी नुसता आवाजच. 

त्या दारात आल्या तेव्हा हातात नर्सची बॅग होती. "किती?"

"चार मिनिटं."

त्या खुर्चीत बसल्या. "ग्रॅहम गेला त्या दिवशी छातीत दुखतंय म्हणून त्याचा फोन आला. अॅम्ब्युलन्स रस्त्यात अडकलेली. माझा ट्रॅक्टर जुन्या टायरांवर गेटातच चाकं फिरवत राहिला. पायी निघाले तर बर्फ कमरेपर्यंत. अर्धा तास तो फोनवर मलाच धीर देत होता. 'नो रश, विजू.'"

या देशात त्यांना विजू म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

"इथलं लॉनही अजून मीच कापते," त्या म्हणाल्या. "चाकांच्या खुणा त्याला खपायच्या नाहीत."

 त्यांनी डोळे पुसले, बॅग उचलली आणि दाराशी थांबल्या.

"अजून एकदा बघू या का रे? गेट उघडण्यात वेळ गेला."

मी घड्याळ घेऊन पुन्हा खिडकीशी उभा राहिलो.